सिद्धांतज्योतिष, कोपर्निकस आणि मराठी शास्त्री

एकोणिसाव्या शतकात मराठी विद्वानांमध्ये पाश्चात्त्य विज्ञान कसे रुजले, याचे श्रेय सामान्यतः मुंबईतील इंग्रजी शिक्षणाला व मुद्रणाला दिले जाते. सुबाजी बापू यांचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ (१८३६) हा ग्रंथ पाहता हे उत्तर अपुरे ठरते. भोपाळ संस्थानातील पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रोत्साहनाने सिहोर येथे ज्योतिषाचा जो अभ्यास चालला, त्यातून हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात पौराणिक, सिद्धांती व कोपर्निकसप्रणीत अशा तीन मतांची तुलना आहे.

या क्रमातच ग्रंथाचे सामर्थ्य आहे. पृथ्वी गोल व निराधार आहे, हे भास्कराचार्यांनी ११५० मध्येच प्रतिपादिले होते. त्यामुळे पुराणांतील सपाट पृथ्वी नाकारण्यास शास्त्र्याला परक्याच्या शब्दाची गरज नव्हती. भास्कराचार्यांची पृथ्वी मात्र स्थिर होती. तिला गती देणे एवढेच काय ते नवे पाऊल उरले.

परंतु ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. नवे मत शास्त्रार्थाने पटवले जाते. आकाशाची साक्ष दुय्यम राहते. जपानमध्ये १७७१ साली सुगिता गेनपाकू यांनी डच शारीरग्रंथातील आकृत्या शवविच्छेदनाशी ताडून पाहिल्या आणि मगच भाषांतर हाती घेतले. ‘काइताई शिन्शो’ १७७४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिहोरच्या पंडितांपुढे नवे ज्ञान आले ते सत्ताधीशाच्या हातून, निवडून दिलेले. विल्किन्सन यांची सिद्धांतग्रंथांवरील निष्ठा खरी होती, तरी हा फरक दुर्लक्षिता येत नाही.

प्रत्यक्ष कसोटी लागली ती पंचांगात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय साधनांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) रचली. १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. ग्रहणे व ग्रहस्थिती दृक्प्रत्ययास येऊ लागल्या. पण त्यांनी रेवती योगतारेपासून अयनांश धरल्यामुळे संक्रांत व अधिक मास रूढ पंचांगांहून वेगळे पडू लागले. अधिक मास बदलला की आषाढी एकादशीही महिनाभर सरकू शकते. पंढरपूरच्या परिसरातील करकंबसारख्या गावी याचा अर्थ सांगावा लागत नाही. पृथ्वीचे भ्रमण मान्य करणाऱ्या शास्त्र्यांनाही एकादशी हलवणे जड गेले आणि पटवर्धनी पंचांग मर्यादित अनुयायांपुरतेच राहिले.