पुठ्ठ्याचा नरक

१९६५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेल्या रॉबर्ट कमिंग्ज या कलावंताने ‘रॉब झॉम्बी’ हे नाव धारण केले आणि यंत्रांच्या ठोक्यांवर जड गिटार चढवून प्रेतांची, पिशाच्चांची गाणी गाइली. या संगीताला ‘इंडस्ट्रियल मेटल’ म्हणतात. २००३ साली त्याने ‘पास्ट, प्रेझेंट अँड फ्युचर’ या नावाने आपल्या कारकिर्दीचा संकलित संग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९ गाणी आहेत, सोबत १० चित्रफितींची तबकडी आहे. एखाद्या श्रद्धाळू घरात हा संग्रह सापडला, तर वडीलधाऱ्यांनी तो न ऐकताच स्वतःवर क्रूसाची खूण करावी, असा त्याचा थाट! तरीही तो ऐकावा, आणि ऐकून मगच नाकारायचे ते नाकारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कारण या संग्रहातील सैतान पुठ्ठ्याचा आहे. ‘ड्रॅग्युला’ या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे नाव १९६४ ते १९६६ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर चाललेल्या ‘द मन्स्टर्स’ या विनोदी मालिकेतून आले. त्या भुतांच्या कुटुंबातील आजोबांच्या मोटारीचे ते नाव. ‘लिव्हिंग डेड गर्ल’ची चित्रफीत ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ या १९२०च्या जर्मन मूकपटाच्या वाकड्यातिकड्या नेपथ्याची उघड नक्कल आहे. ‘मोर ह्यूमन दॅन ह्यूमन’ हे शब्द ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटातले. म्हणजे हा मनुष्य शिकला तो जुन्या भयपटांच्या शाळेत. काळ्या मिस्सेशी त्याचा संबंध दिसत नाही. ‘हँड्स ऑफ डेथ’मध्ये त्याच्यासोबत गाणारा ॲलिस कूपर हा धर्मोपदेशकाचा मुलगा असून आपली ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे सांगणारा आहे, हेही येथे नोंदवण्याजोगे.

आणि भय ख्रिस्तसभेला परके थोडेच आहे? मृतांच्या मिस्सेत शतकानुशतके गाइले गेलेले ‘दिएस इरे’ हे लॅटिन स्तोत्र न्यायाच्या दिवसाचे थरकाप उडवणारे चित्र उभे करते. त्याचीच चाल बेर्लिओझने १८३० साली आपल्या सिंफनीत चेटकिणींच्या मेळाव्यासाठी वापरली. दान्तेने तर नरकाचा प्रत्येक फेरा चालत पाहिला. परंतु त्या नरकातील पापी माणसांना नावे आहेत, पूर्वायुष्य आहे, केलेल्या निवडीची जाणीव आहे. झॉम्बीच्या गाण्यांतील मृतांना यातले काहीही नाही. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरीवर मेणबत्ती लावतो ती नावानिशी ओळखलेल्या माणसासाठी. येथे मृत म्हणजे केवळ सजावट. आपला खरा मतभेद या ठिकाणी आहे.

तो अधिक बोचतो तो नावामुळेच. त्याच्या मूळ वाद्यवृंदाचे ‘व्हाइट झॉम्बी’ हे नाव १९३२च्या, बेला लुगोसीच्या चित्रपटावरून घेतलेले. हैतीमध्ये घडणाऱ्या त्या चित्रपटात साखरेच्या गिरणीत मेलेली माणसे मुकाट्याने राबत असतात. एक मजूर चरकात पडतो आणि कोणी मान वर करून पाहतही नाही. हैतीच्या लोकश्रद्धेतील ‘झॉम्बी’ हा कोणाला खाणारा राक्षस नव्हे. मरणानंतरही ज्याची गुलामी सुटत नाही असा तो अभागी जीव आहे. मळ्यांवर जुंपलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांना याहून भयंकर काय वाटणार? हे दुःख या १९ गाण्यांत कुठेही नाही. नाव राहिले, हैती गेली.

संगीताविषयी मात्र हात आखडता घेऊन चालणार नाही. ‘थंडर किस ’६५’चा ठेका आजही शरीराचा ताबा घेतो. चित्रपटांतील संवादांचे तुकडे, यंत्रांची खडखड आणि घोगरा आवाज यांची वीण इतकी घट्ट आहे, की शब्द न कळताही गाणे कळते. एका गाण्याचे शीर्षक मात्र या पृष्ठांवर छापण्यासारखे नाही. तेथे स्त्रीदेह इतका उघड माल होतो की पुठ्ठ्याचा बचावही पुरत नाही. घरातील मुलांसमोर बोलायचेच असेल तर शिंगे-शेपटीपेक्षा या गाण्याविषयी बोलावे.

संकलन म्हणूनही काही राहते. ‘पास्ट’ म्हणवणारा हा भूतकाळ १९९२च्या ध्वनिमुद्रणापासून सुरू होतो. १९८५ पासूनची न्यूयॉर्कमधील उमेदवारीची, कर्कश वर्षे सरळ वगळली आहेत. शॉन इसॉल्टचे बास आणि जे युंगर यांची गिटार ज्यांशिवाय पहिली गाणी उभीच राहिली नसती, ती सारी मिळकत १९९८ मध्ये विसर्जित झालेल्या वाद्यवृंदाकडून एका व्यक्तीच्या नावावर चढवलेली दिसते. केवळ व्हाइट झॉम्बीचा असा संग्रह २००८ साली निघाला तेव्हा ही उणीव काहीशी भरून निघाली.

‘फ्युचर’ म्हणावे अशी नवी गाणी दोनच, शेवटी जोडलेली, आणि तीही सामान्य. त्याचे खरे भविष्य चित्रपटांत होते. २००३ मध्येच त्याचा पहिला चित्रपट आला, पुढे क्रौर्याने भरलेले आणखी काही आले, आणि २०२२ साली त्याने दिग्दर्शित केला तो ‘द मन्स्टर्स’, म्हणजे त्याच मोटारवाल्या आजोबांच्या कुटुंबाचा, मुलाबाळांसह पाहता येईल असा विनोदी चित्रपट.