त्रेपन्नाव्या वर्षीची सायकल

गेल्या वर्षी रक्तातल्या साखरेचा आकडा वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी सायकल घेतली. घरी, सोसायटीत, ऑफिसात सगळ्यांना एकच उत्तर दिलं : डॉक्टरांनी सांगितलंय. हे अर्धसत्यही नव्हतं. डॉक्टरांनी सायकलचा 'सा'सुद्धा उच्चारला नव्हता. पण बावन्न वर्षांच्या बाईनं सायकल आणली की लोक कारण विचारतात, आणि 'वाटलं म्हणून' हे कारण चालत नाही. रिपोर्ट चालतो.

रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्यावर उभं राहून पाहावं. चाळिशी-पन्नाशीतली माणसं हेल्मेट घालून, घट्ट कपड्यांत, मनगटावर घड्याळ लावून ओळीनं जात असतात. थांबले की बोलणं कशाचं, तर एचबीएवनसी, गुडघे, बीपी, किलोमीटर. यांतले बरेचजण शाळा-कॉलेजात याच शहरात साध्या काळ्या सायकलवर फिरलेले असणार. तेव्हा कुणी किलोमीटर मोजले नव्हते. मधल्या तीस वर्षांत काय झालं आणि आता परत का, याचं उत्तर मला त्यांच्या बोलण्यात मिळत नाही. माझ्या स्वतःच्या उत्तरातही मिळालं नाही. ते थोडंफार मिळालं एका जुन्या, बऱ्यापैकी कंटाळवाण्या पुस्तकात.

पुस्तकाचं नाव 'अ व्हील विदिन अ व्हील'. फ्रान्सेस विलर्ड या अमेरिकन बाईंनी ते १८९५ साली प्रसिद्ध केलं. जेमतेम तासा-दीड तासात वाचून होतं. विलर्ड तेव्हा जगप्रसिद्ध होत्या. दारूबंदीसाठी लढणाऱ्या 'वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन'च्या त्या १८७९पासून अध्यक्ष होत्या आणि मरेपर्यंत राहिल्या. १८९२मध्ये त्यांची आई गेली. वर्षानुवर्षं व्याख्यानं, दौरे, पत्रव्यवहार यांनी शरीर आणि डोकं दोन्ही शिणलेलं. त्या इंग्लंडमध्ये मैत्रिणीकडे, लेडी हेन्री सॉमरसेटकडे, राहायला गेल्या आणि तिथे त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. सायकलचं नाव ठेवलं ग्लॅडिस.

आता हे 'परत घेणं' नव्हे, पहिल्यांदा शिकणं आहे, असं कुणी म्हणेल. मीही सुरुवातीला तसंच म्हटलं. पण पुस्तक सायकलपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं विस्कॉन्सिनमधल्या शेतावर, धावणाऱ्या एका मुलीपासून. सोळाव्या वाढदिवसापर्यंत ही मुलगी मोकळी हुंदडत होती. मग लांब झगा आला, कमरेला आवळणारी चोळी आली, टाचांचे बूट आले, केस वर बांधून पिना खोचणं आलं. त्यानंतर आपल्याला चालण्यात कधी गोडी वाटली नाही, असं त्या सांगतात. ही दोन-तीन पानं पुस्तकातली सगळ्यांत चांगली. त्यांत उपदेश नाही, तक्रारही फारशी नाही. काय काय अंगावर चढत गेलं याची नुसती यादी आहे. ती वाचल्यावर कळतं की त्रेपन्नाव्या वर्षी बाई नवीन काही शिकायला निघालेली नाही. सदतीस वर्षांपूर्वी काढून घेतलेली एक गोष्ट ती परत मागते आहे. हे यंत्र तिच्या लहानपणी नव्हतं, एवढंच.

कारणांच्या बाबतीत विलर्ड फार प्रामाणिक आहेत आणि त्याच वेळी नाहीतही. मोकळ्या हवेतला व्यायाम, थकलेल्या मज्जातंतूंना विसावा, बायकांच्या पेहरावात सुधारणा, तरुणांना दारूच्या गुत्त्यापासून दूर नेणारी करमणूक – ही झाली सार्वजनिक कारणं. सभेत सांगता येतील अशी. त्यांच्या मधोमध त्या हळूच आणखी तीन ठेवून देतात : साहसाची मूळची हौस, एखादी नवी शक्ती आपल्या हाताखाली (म्हणजे इथे पायाखाली) आणायची इच्छा, आणि या वयात तुला हे जमायचं नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं ते. मला हे तिसरं कारण फार आवडलं. ते आरोग्याचं नाही, समाजाचंही नाही. ते खोडीचं आहे.

या सगळ्याला यंत्राचाही हातभार होता, हे विसरू नये. मार्क ट्वेन १८८४च्या सुमारास सायकल शिकला, तेव्हाची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढं चाक आणि त्यावर टांगलेला माणूस. पडला तर डोक्यावर. १८८५च्या आसपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली 'सेफ्टी' सायकल आली. १८८८मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. उंची कमी झाली, हाडं खिळखिळी होणं थांबलं, आणि पन्नाशीतल्या माणसांना सायकलचा विचार करता येऊ लागला. १८९०च्या दशकात यावर डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. काही सायकल लिहून देत. काही बायकांना बजावत की तोल सांभाळण्याच्या ताणानं चेहरा कायमचा विचित्र होईल. या 'रोगा'ला नावही होतं : 'बायसिकल फेस'. म्हणजे आरोग्य हे कारण तेव्हाही दोन्हीकडून वापरता येत होतं, चढण्यासाठी आणि खाली उतरवण्यासाठी.

ट्वेनचा 'टेमिंग द बायसिकल' हा लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९१७मध्ये, पुस्तकात आला. तो विनोदी आहे आणि चांगलाच विनोदी आहे. पण विलर्डबाईंच्या शेजारी ठेवून वाचला तेव्हा मला तो विनोद थोडा वेगळा दिसला. पन्नाशीला टेकलेला प्रतिष्ठित माणूस रस्त्यात पोरांसमोर धडपडतो. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, ही त्याची युक्ती आहे. विलर्ड उपदेश करतात, ट्वेन फजिती सांगतो. दोघांनाही नुसतं 'मजा आली' म्हणून थांबता येत नाही.

टॉल्स्टॉयला ते जवळजवळ आलं. १८९५च्या फेब्रुवारीत त्याचा धाकटा मुलगा वान्या गेला. सात वर्षांचाही नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच हा सहासष्ट वर्षांचा म्हातारा मॉस्कोतल्या घोडदौडीच्या बंदिस्त मैदानात सायकल शिकायला लागला. सगळ्या चैनीचा त्याग सांगणाऱ्या गुरूनं हे करावं, हे त्याच्या एका अनुयायाला खटकलं. टॉल्स्टॉयनं डायरीत लिहिलं ते साधारण असं, की पोरासारखं साधंसरळ रमण्यात मला काही पाप दिसत नाही. त्यानं प्रकृतीचं निमित्त सांगितलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मुलाच्या दुःखाशी त्यानं सायकल जोडलीही नाही; ती आपण जोडतो, तारखा शेजारी शेजारी दिसतात म्हणून. विलर्डना आई गेल्यावर, टॉल्स्टॉयला मुलगा गेल्यावर – नियम काढण्याचा मोह होतो. मी काढत नाही. पण शोकातल्या माणसाला तोल सांभाळण्याचं काम मिळालं की त्या पंधरा मिनिटांत दुसरं काही डोक्यात शिरू शकत नाही, एवढं मला अनुभवानं माहीत आहे.

पंधरा मिनिटं हा आकडा विलर्डचाच. त्या पुस्तकाच्या शेवटाकडे हिशोब मांडतात : रोज सरासरी पंधरा मिनिटं, तीन महिने, म्हणजे एकूण बावीस-एक तास. एक पुरता दिवसही नाही! आयुष्यभर संघटनेची वार्षिक अहवालपुस्तकं लिहिलेल्या बाईचा हा हिशोब आहे आणि तो वाचताना मी मोठ्यानं हसले. असं हसू पुस्तकात आणखी यायला हवं होतं. येत नाही, कारण दर दोन परिच्छेदांनी सायकलची नीतिकथा होते. चाक डगमगलं की त्याखाली डगमगता निश्चय दिसतो. पुढच्या चाकाकडे न पाहता दूर पाहावं, ही साधी आणि खरी सूचना (कुठल्याही काकांनी आपल्याला शिकवताना दिलेली) लगेच जीवनाचं तत्त्वज्ञान बनते. पायाला काय वाटलं, घाम कुठे आला, पहिल्यांदा कुणी हात सोडला तेव्हा पोटात काय झालं, हे विचारावं तर बाई व्यासपीठावर चढलेल्या. शरीर परत मिळालं म्हणून लिहिलेल्या पुस्तकात शरीरच अंग चोरून बसलं आहे.

आणि एक गोष्ट पुस्तकात मुळीच नाही. विलर्ड इंग्लंडमध्ये असतानाच, १८९३ आणि १८९४मध्ये, आयडा बी. वेल्स ही कृष्णवर्णीय पत्रकार ब्रिटनमध्ये फिरून अमेरिकेतल्या झुंडबळींबद्दल बोलत होती. १८९०मध्ये विलर्डनी एका मुलाखतीत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना दारू आणि धोका यांच्याशी जोडणारी विधानं केली होती. वेल्सनं ती मुलाखत ब्रिटनमध्ये पुन्हा छापून आणली. लेडी सॉमरसेट मैत्रिणीच्या बचावाला धावल्या. त्याच १८९४ साली 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेनं सदस्यत्व फक्त गोऱ्यांसाठी ठेवण्याचा नियम केला. सायकलच्या मोकळेपणावर इतकी पानं लिहिणाऱ्या पुस्तकात हे मोकळेपण कुणाला नाकारलं जातंय याचा मागमूस नाही. म्हणून ते फेकून द्यावं असं मी म्हणत नाही. सोळा वर्षांची ती मुलगी खरीच आहे. पण बाग खासगी आहे, मैत्रीण उमराव घराण्यातली आहे, आणि धरायला माणसं हजर आहेत, हे वाचताना डोळ्यांआड होऊ नये.

याला उत्तर म्हणून मी दरवेळी पी. साईनाथ यांच्या 'एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्रॉट'मधलं (१९९६) तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याबद्दलचं प्रकरण काढते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत बायकांना सायकल शिकवणं हाही भाग होता. एक लाखाहून जास्त बायका सायकल चालवू लागल्या, असा साईनाथांचा अंदाज. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीताई. यांतल्या कितीतरी प्रौढ, लेकुरवाळ्या. साईनाथ रूपकं करत नाहीत. पाण्याचे हंडे, बाजाराला लागणारा वेळ, बसची वाट पाहणं यांच्याबद्दल लिहितात. मला त्यातला एक तपशील विसरता येत नाही. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच पसंत पडल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या नळीवर पोराला बसवता येतं.

ती नळी! विलर्डच्या सायकलला ती नव्हती, झगा अडकू नये म्हणून. माझ्या लहानपणी ती वडिलांच्या सायकलला होती आणि मी तिच्या खालून पाय घालून, वाकडी होऊन अर्धी पायडलं मारत शिकले. आठवीत मला लेडीज सायकल मिळाली. बारावीनंतर मोपेड आली आणि सायकल कुणाला तरी दिली गेली. कुणी बंदी घातली नाही, झगा नेसवला नाही. क्लास लांब होता, मग नोकरी लांब होती, मग रस्ते मोठे झाले. विलर्डला सोळावा वाढदिवस दाखवता येतो, मला तारीखच दाखवता येत नाही. माझ्या पिढीच्या पुष्कळांचं असंच असावं. म्हणून मग आम्ही साखरेकडे बोट दाखवतो. तिला निदान आकडा आहे.

माझा आकडा थोडा उतरला, हेही सांगायला हवं. आरोग्याला नुसतं निमित्त म्हणणं हाही एक शहाणपणाचा आव होईल. विलर्ड मात्र पुस्तकानंतर तीन वर्षांत, १८९८मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी गेल्या. सायकलनं त्यांना वाचवलं नाही. पुस्तक त्यानं खोटं ठरत नाही, कारण तीन महिन्यांच्या त्या हिशोबात आयुष्य वाढण्याचा रकाना नव्हताच.

आईला मी हे पुस्तक तोंडी सांगितलं. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. मी सायकल आणली तेव्हा तिचा पहिला शब्द 'पडशील' हा होता. त्रेपन्नाव्या वर्षी शिकलेल्या बाईचं तिला फारसं कौतुक वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तिला धरलं कुणी होतं?"

मी म्हटलं, "सुरुवातीला तीन दणकट इंग्रज पोरांनी."

"तीन!" आई हसली. मग म्हणाली, "मला आमच्या दादानं धरलं होतं. वाड्यात. हौदापर्यंत."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाली, पुढे काय, अण्णा घरी आले. तिला तेव्हाचं आपलं वय आठवत नाही. सायकल शेजाऱ्यांची होती आणि तिच्या मागच्या मडगार्डला दिवा नव्हता, हे आठवतं.