जाणणे, मानणे आणि मौन : माजी मॉर्मनांच्या आत्मनिवेदनपर वाङ्मयाचा विचार

धर्मत्यागाचे वाङ्मय हाती घेताना वाचकाची पहिली अपेक्षा बहुधा गौप्यस्फोटाची असते. जो आत होता तो आता बाहेर येऊन आतले सांगणार, अशी ती अपेक्षा. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा त्याग केलेल्या लेखिकांच्या ग्रंथांकडे तर एकोणिसाव्या शतकापासून याच दृष्टीने पाहिले गेले आहे. परंतु मंदिरातील विधींचे वर्णन कोणी किती केले, या मापाने या ग्रंथांचे मोल ठरत नाही. ज्या भाषेत श्रद्धा शिकली त्याच भाषेत अश्रद्धा कशी मांडावी, हा या वाङ्मयापुढील मूळ प्रश्न आहे आणि त्याला दिलेल्या उत्तरावरच त्याचे यशापयश अवलंबून आहे.

जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यू यॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात त्याचा वध केल्यानंतर ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी १८४७ पासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसले. 'मॉर्मन' हे नाव 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथावरून प्रथम इतरांनी ठेवलेले. पुढे अनुयायांनीही ते स्वीकारले. तथापि २०१८ मध्ये पंथाध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते टाकून 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला. परिणामी आत राहिलेले ज्या शब्दाला टाळतात, तोच शब्द सोडून गेलेले मात्र 'माजी मॉर्मन' म्हणून स्वतःस लावतात, अशी चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे.

पंथाच्या परिभाषेचे एक वैशिष्ट्य असे की, ती विद्वानांच्या लॅटिन-ग्रीक शब्दांतून घडलेली नसून नित्याच्या इंग्रजी शब्दांतून घडलेली आहे. 'एन्डाउमेंट' म्हणजे देणगी. येथे त्याचा अर्थ मंदिरातील दीक्षाविधी. 'सीलिंग' म्हणजे मोहोरबंद करणे. येथे पतिपत्नी व अपत्ये यांचे अनंतकाळासाठी जोडले जाणे. 'रेकमेंड' हे शिफारस करणे या अर्थाचे क्रियापद. येथे ते नाम होऊन मंदिरप्रवेशाचे पत्र ठरते. 'गारमेंट' म्हणजे वस्त्र. येथे दीक्षितांनी अहोरात्र अंगाशी ल्यावयाचे पवित्र अंतर्वस्त्र. शब्द साधे असल्यामुळे पंथ सोडणाऱ्याची अडचण वाढते. क्लिष्ट परिभाषा टाकून देता येते. 'देणगी' आणि 'वस्त्र' हे शब्द कोण कसे टाकणार?

याहून महत्त्वाचे आहे ते एक क्रियापद. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास करून भरणाऱ्या सभेत सभासद आपली साक्ष देतात. त्या साक्षीचे रूढ क्रियापद 'मी मानतो' हे नसून 'मी जाणतो' हे आहे. हा पंथ सत्य आहे, स्मिथ हा प्रेषित होता, हे मी जाणतो. लहान मूलही थोरांच्या पाठोपाठ हेच वाक्य म्हणावयास शिकते. मानण्याला पुरावा लागत नाही. जाणण्याला मात्र तो द्यावा लागतो. म्हणूनच स्मिथच्या अनुयायांनी १८३५ मध्ये विकत घेतलेल्या इजिप्शियन पपायरसांचे प्रकरण श्रद्धावानांस इतके जाचक ठरले. त्यांवरून 'बुक ऑफ अब्राहम' भाषांतरिला, असे स्मिथने सांगितले होते. १९६७ मध्ये न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून त्यांचे काही तुकडे पंथाकडे परत आले, तेव्हा ते मृतांसाठी लिहिलेले अंत्यसंस्काराचे लेख असल्याचे तज्ज्ञांनी दाखविले. तुकड्यांवरील अक्षरे त्या भाषांतराशी जुळत नाहीत, हे २०१४ मध्ये पंथाच्या निबंधातही मान्य केले गेले. मात्र ग्रंथाचे पावित्र्य त्यावर अवलंबून नाही, अशी पंथाची भूमिका आहे. जो अनुयायी केवळ 'मानत' होता त्याला ही भूमिका पुरते. ज्याला 'जाणण्याचे' वळण लावले गेले त्याला ती पुरत नाही. या अर्थी पंथ सोडणारा हा पंथाच्याच व्याकरणाचा प्रामाणिक विद्यार्थी असतो.

या कसोटीवर काही प्रमुख ग्रंथ तपासता येतील. फॅनी स्टेनहाउस यांचा 'टेल इट ऑल' (१८७४) आणि ब्रिगहॅम यंगपासून विभक्त झालेल्या ॲन एलायझा यंग यांचा 'वाइफ नंबर नाइन्टीन' (१८७५) हे बहुपत्नीत्वाविरुद्धचे अभियोगपत्र होत. स्टेनहाउस यांच्या ग्रंथास हॅरियट बीचर स्टो यांची प्रस्तावना लाभली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. गुलामगिरीविरोधी चळवळीने घडविलेली करुणेची व संतापाची भाषा त्यांस आयती मिळाली. तरीही नवऱ्याच्या दुसऱ्या विवाहात पहिल्या पत्नीनेच नववधूचा हात त्याच्या हाती द्यावयाचा, हा प्रसंग स्टेनहाउस सांगतात तेव्हा ती उसनी भाषा गळून पडते. तेथे त्या स्वतःच्या आज्ञाधारकपणाविषयी बोलतात, आणि ग्रंथातील तो भाग आजही जिवंत वाटतो.

फॉन ब्रोडी यांचा मार्ग निराळा. त्यांचे चुलते डेव्हिड मॅके पुढे १९५१ मध्ये पंथाध्यक्ष झाले. 'नो मॅन नोज माय हिस्टरी' (१९४५) या स्मिथचरित्रात ब्रोडी 'मी' हा शब्द बाजूस ठेवून इतिहासकाराच्या तृतीय पुरुषात बोलतात. ग्रंथाचे शीर्षक मात्र स्मिथच्याच १८४४ च्या प्रवचनातून घेतलेले आहे. 'मी जाणतो' म्हणण्यास शिकविणाऱ्या पंथाच्या संस्थापकानेच, मला कोणी जाणत नाही, असे म्हटले होते, हे त्यांनी वाचकासमोर ठेवले. १९४६ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. सोनिया जॉन्सन यांचा 'फ्रॉम हाउसवाइफ टु हेरेटिक' (१९८१) हा स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिल्यामुळे डिसेंबर १९७९ मध्ये ओढवलेल्या बहिष्काराची कथा सांगतो. तेथे 'मी जाणतो' याची जागा तितक्याच निःशंक अशा दुसऱ्या 'मी जाणते' ने घेतली आहे; संशयाचा मधला प्रदेश झपाट्याने ओलांडला जातो.

डेबोरा लाके यांचे 'सिक्रेट सेरेमनीज' (१९९३) मंदिराच्या आत जाते. मंदिरातील गोष्टी गुप्त नसून पवित्र आहेत, असे पंथ सांगतो. इंग्रजीत हे दोन शब्द ध्वनीनेही जवळचे आहेत. लाके यांनी शीर्षकातच त्यांपैकी एक निवडून निवाडा दिला आहे. १९९० पूर्वीच्या विधीत, रहस्य उघड करण्यापेक्षा प्राण गेलेला बरा असे सुचविणारे हावभाव होते. त्या वर्षी ते वगळण्यात आले. त्या जुन्या विधीचे वर्णन लाके करतात. वर्णन वाचकास मिळते. परंतु शपथ घेतेवेळी त्या शब्दांचे मनावर जे ओझे होते, ते वर्णनातून पुरेसे येत नाही. जेथे विवाहातील एकाकीपण व मानसिक आजार यांविषयी त्या लिहितात, तेथेच ते ओझे जाणवते.

सर्वांत अवघड विषय वस्त्राचा आहे. मूळचे मनगट व घोटे झाकणारे हे एकसंध वस्त्र १९२३ मध्ये आखूड झाले, १९७९ मध्ये दोन भागांत उपलब्ध झाले, आणि बिनबाह्यांचा प्रकार २०२४ मध्ये जाहीर झाला. छातीवर दोन, नाभीशी एक व गुडघ्याशी एक अशा त्यावरील चार खुणा करारांचे स्मरण देतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे चिन्ह विलक्षण आहे, कारण त्याचा श्रोता स्वतः परिधान करणाराच असतो. बाहेरच्यांनी त्याची थट्टा केली आहे, आणि सोडून आलेल्या लेखकास ती थट्टेची भाषा सहज हाती लागते. ती वापरली की वाचक हसतो, परंतु लेखकाने वर्षानुवर्षे अंगावर बाळगलेला अर्थ हातचा जातो. पातळ सदऱ्याखाली बाहीची कड दिसत नाही, एवढ्यावरून आईला मुलाचा धर्मत्याग कळतो. मंदिरातील विवाहास प्रवेशपत्राविना आईबापांनाही जाता येत नाही. आधी लौकिक विवाह करणाऱ्या जोडप्यास मंदिरविवाहासाठी वर्षभर थांबविण्याचा अमेरिकेतील नियम २०१९ मध्ये रद्द होईपर्यंत कित्येक मातापिते मुलांच्या लग्नाच्या वेळी बाहेरच बसत. वस्त्र उतरविण्याची किंमत ही अशी आहे. थट्टेच्या भाषेत ती सांगता येत नाही.

वस्त्र जीर्ण झाल्यावर त्यावरील खुणा कापून नष्ट कराव्यात, मग उरलेले केवळ कापड समजावे, असा पंथाचा नियम आहे. चार खुणा काढल्या की चिन्हाचे पुन्हा कापड होते. भाषेला ही सोय नाही. 'जाणणे' या क्रियापदावरील खूण कापून ते कोरे करता येत नाही; त्याचा प्रत्येक नवा वापर जुन्या वापराची आठवण घेऊनच येतो. या वाङ्मयातील उत्तम पाने ही आठवण न लपविता 'मी जाणत होते' येथून 'मी जाणत नाही' येथवरचा प्रवास पायरीपायरीने दाखवितात. रहस्ये कालांतराने सर्वश्रुत होतात. पंथाने स्वतःच २०१४ मध्ये चित्रफितीद्वारा ही वस्त्रे जगास दाखविली. गौप्यस्फोटावर उभे असलेले ग्रंथ तेव्हा जुने झाले. ज्यांनी एका क्रियापदाचा हिशेब दिला, ते मात्र टिकून आहेत.