संप्रेरकांच्या तक्त्यात कोंबडी कुठे बसते?

एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावी जीवशास्त्राच्या पुस्तकात (पहिली आवृत्ती २००६) पचनमार्गातील संप्रेरकांवर एक छोटा परिच्छेद आहे. गॅस्ट्रिनमुळे जठरात आम्ल व पेप्सिनोजेन स्रवतात, सिक्रेटिनमुळे स्वादुपिंडातून पाणी व बायकार्बोनेट येते, कोलेसिस्टोकायनिनमुळे स्वादुपिंडातील विकरे आणि पित्ताशयातील पित्त बाहेर पडते, तर चौथे संप्रेरक जठराचे काम मंदावते. मजकूर नेटका आहे. ही संप्रेरके पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत, हेही त्यात येते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी, की या परिच्छेदात प्राण्याचे नावच नाही. त्यामुळे ‘संप्रेरक’ आणि ‘कार्य’ अशा दोन रकान्यांचा तक्ता फळ्यावर येतो आणि या जोड्या सर्व प्राण्यांत सारख्याच असतात अशी विद्यार्थ्याची समजूत होते. प्रत्यक्षात हा तक्ता सस्तन प्राण्यांचा आहे. सिक्रेटिन सापडले ते कुत्र्यात. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू तोडले व त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता.

आता हाच तक्ता पक्ष्यांना लावून पाहू. कोंबडीतही सिक्रेटिन आहे. १९८० साली ते शुद्ध स्वरूपात मिळवले गेले. लांबी डुकराच्या सिक्रेटिनइतकीच, २७ अमिनो आम्लांची. पण त्यांपैकी सुमारे निम्मी वेगळी. पक्ष्यांच्या स्वादुपिंडावर त्याचा परिणाम क्षीण असतो. टर्कीवरील प्रयोगांत स्वादुपिंडरसाचा प्रवाह जोरात वाढवणारे पेप्टाइड निघाले ते दुसरेच. त्याचे नाव व्हीआयपी. ते सिक्रेटिनच्याच कुळातले असले तरी मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांत आढळते. तेव्हा ‘निरोप रक्तातून की मज्जातंतूतून?’ हा १९०२ सालचा प्रश्न पक्ष्यांच्या बाबतीत पुन्हा विचारावा लागतो.

दुसरे उदाहरण पॅन्क्रिएटिक पॉलिपेप्टाइडचे. अमेरिकेत कोंबडीच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे करताना हे ३६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड हाती लागले. सस्तन प्राण्यांत ते स्वादुपिंडाच्या पाचकरसाला आवर घालते. कोंबडीला टोचले तर जठरातील आम्ल आणि पेप्सिन वाढते. एकाच घराण्यातील रेणूची दोन ठिकाणी दोन कामे! कोंबडीच्या गॅस्ट्रिनचीही तीच कथा. १९८६ साली त्याची रचना कळली, तेव्हा ती सस्तन प्राण्यांच्या गॅस्ट्रिनपेक्षा कोलेसिस्टोकायनिनशी अधिक जुळणारी निघाली; काम मात्र आम्ल स्रवण्याचेच.

अवयवही वेगळे आहेत. आपल्या जठरात आम्ल एका प्रकारच्या पेशी स्रवतात व पेप्सिनोजेन दुसऱ्या. पक्ष्यांच्या ग्रंथिमय जठरात ही दोन्ही कामे एकच पेशी करते. कबुतराला तर पित्ताशयच नसते. मग ‘कोलेसिस्टोकायनिन पित्ताशय आकुंचित करते’ या वाक्याचे कबुतरापुरते काय करायचे?

याचा अर्थ पुस्तकात पक्ष्यांवर नवे प्रकरण घाला असा नाही. अभ्यासक्रम आधीच जड आहे. ‘ही माहिती सस्तन प्राण्यांची आहे’ एवढे एक वाक्य आणि पक्ष्यांचे एक उदाहरण पुरेसे आहे. संप्रेरकाचे काम केवळ त्या रेणूत लिहिलेले नसते. कोणत्या पेशीवर त्याचा ग्राही आहे, यावर ते ठरते. उत्क्रांतीत रेणूही बदलतात आणि ग्राहींच्या जागाही. हा मुद्दा तक्त्याच्या पाठांतराने कधीच कळणार नाही.

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकांना एक गोष्ट सहज करता येईल. तक्त्यात ‘प्राणी’ असा तिसरा रकाना वाढवावा. कोंबडीवाल्याकडे पेट्याला, म्हणजे पेषणीला, लागून येणारा आतड्याचा वळसा मागून घ्यावा. त्या वळशाच्या दोन बाजूंच्या मध्ये फिकट गुलाबी, लांबट स्वादुपिंड दिसते. ते दाखवून विचारावे : याला रस सोडायला कोण सांगत असेल? उत्तरात मुले ‘सिक्रेटिन’ म्हणाली, तर पुढचा प्रश्न असावा : कोणत्या प्राण्यात?