हेराचा संसार आणि वेशीबाहेरचे घर

पडद्यावरच्या हेराला घर नसते, हा संकेत बरीच वर्षे चालत आला. जेम्स बाँडला मोटार असते, पिस्तूल असते, हॉटेलातली खोली असते; संसार नसतो. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' या चित्रपटात त्याचे लग्न लागते आणि त्याच दिवशी बायको गोळीला बळी पडते. संसार सुरू होण्यापूर्वीच लेखक तो मोडून टाकतात, कारण बाजारहाट करणारा बाँड त्यांना परवडणारा नव्हता. १९६७ च्या 'फर्ज'पासून हिंदी सिनेमानेही हाच साचा उचलला. त्याचा हेर गाणी म्हणे, प्रेम करी, देश वाचवी. महिनाअखेरीस उसनवारी करताना तो कधी दिसला नाही.

हा साचा २०१९ च्या सप्टेंबरात आलेल्या 'द फॅमिली मॅन' या वेबमालिकेने मोडला. राज आणि डीके यांच्या या मालिकेचा नायक श्रीकांत तिवारी मुंबईत राहतो. एन.आय.ए. या तपासयंत्रणेच्या एका काल्पनिक शाखेत तो काम करतो आणि घरी मात्र सरकारी फायली हाताळणारा सामान्य नोकर म्हणून वावरतो. घरासाठी कर्ज काढण्याची धडपड, मुलीच्या शाळेतून येणारे बोलावणे, बापाशी सौदे करणारा मुलगा आणि दिवसेंदिवस दूर जाणारी बायको, हा त्याचा संसार आहे. मनोज बाजपेयींनी हा दमलेला, चिडका, विनोदी माणूस इतका खरा उभा केला, की २०२१ मध्ये दुसरे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसरे पर्व आले तेव्हा प्रेक्षक आधी त्याच्या घराची खबर घेऊ लागले, मग देशाची.

या मालिकेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. देशभक्तीच्या आरोळ्यांनी कान किटलेल्या काळात तिने हेराला चाकरमान्या केले. गुप्ततेची किंमत तिजोरीतून नव्हे, संसारातून वसूल होते हे दाखवले. दुसऱ्या पर्वात नोकरी सोडून संगणक कंपनीत खर्डेघाशी करणारा श्रीकांत आपल्या अर्ध्या वयाच्या साहेबाची बोलणी खातो, तेव्हा आजच्या नोकरदार माणसाची सगळी लाचारी त्या चेहऱ्यावर येते. परंतु समीक्षेचे काम गुण मोजून संपत नाही. पडद्यावर घर कोणाला मिळते, आणि मिळाल्यावर त्या घराचा उपयोग कशासाठी होतो, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. प्रस्थापित समीक्षा तो विचारत नाही, कारण तिच्या लेखी घर ही सर्वांना जन्मतःच मिळणारी गोष्ट आहे.

श्रीकांतच्या घराचे काम म्हणजे त्याला क्षमा मिळवून देणे. पहिल्या पर्वात करीम नावाचा एक मुस्लिम विद्यार्थी आहे. गोमांसाच्या प्रश्नावर आपल्या पद्धतीने निषेध करू पाहणारा हा तरुण हेरयंत्रणेला अतिरेकी वाटतो आणि तिच्या गोळीने मरतो. तो निर्दोष होता हे पुढे कळते. मालिका हा प्रसंग टाळत नाही, हे तिचे धैर्य. पण त्यानंतर कथा मुक्कामाला कोठे जाते? करीमच्या घरात नव्हे, श्रीकांतच्या अपराधी मनात. मेलेला मुलगा हा जगलेल्या नायकाच्या मनःस्तापाचे निमित्त ठरतो. आपण श्रीकांतला जेवताना, भांडताना, मुलांना शाळेत सोडताना पाहिलेले असते. त्यामुळे त्याची चूक आपल्याला घरच्या माणसाची चूक वाटते. करीमला आपण पाहिलेले असते ते पाळत ठेवणाऱ्यांच्या नजरेने. एका घरात कॅमेरा पाहुणा म्हणून जातो आणि दुसऱ्या घरावर पहारेकरी म्हणून बसतो. माणूस कोण आणि संशयित कोण, हे या दोन नजरांच्या फरकाने ठरते; संवादांनी नव्हे.

ही बाब केवळ कथेतली नाही. ज्या यंत्रणेची काल्पनिक शाखा या मालिकेत आहे, त्याच खऱ्या यंत्रणेकडे जानेवारी २०२० मध्ये भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणाचा तपास गेला. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये डॉ. आनंद तेलतुंबडे यांच्या गोव्यातील घराची, ते तेथे नसताना, पोलिसांनी झडती घेतली होती. १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, ते या यंत्रणेपुढे हजर झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले. खटल्याची गुणवत्ता हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की दलित विचारवंताचे घर सार्वजनिक चर्चेत आले ते झडतीच्या बातमीतून, आणि तपास करणाऱ्या यंत्रणेतल्या काल्पनिक माणसाचे घर आले ते जिव्हाळ्याच्या कथेतून. या दोन्ही घटना एकाच काळातल्या आहेत.

घराचे दुसरे काम म्हणजे राखण. श्रीकांत तिवारी, सुचित्रा अय्यर. उत्तर आणि दक्षिण यांचा हा विवाह मालिकेत मोठा उदारमतवादी वाटतो. भाषा ओलांडली, प्रांत ओलांडला. जात मात्र कोठे उच्चारली जात नाही. आडनावे बोलतात, एवढे पुरते. या घरात परका शिरतो तो दुसऱ्या पर्वात: मुलीच्या प्रेमात पडलेला कल्याण हा प्रत्यक्षात सलमान निघतो आणि तिला पळवून नेण्याच्या कटात सामील असतो. मुलीने आपल्या मनाने जोडलेले नाते म्हणजे शत्रूने खणलेले भुयार, हा संदेश कोणी भाषण करून देत नाही, कथानकच देते. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयक निबंधात दाखवून दिले होते, की जातीचा किल्ला स्त्रीच्या लग्नावरच्या पहाऱ्याने टिकतो. हेराच्या घरातही पहारा तेथेच बसवलेला आहे.

सुचित्राबाबतही तेच. प्राध्यापकी सोडून नव्या उद्योगात जाणारी, नवऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या खोट्यात एकटी पडलेली ही स्त्री प्रियामणी यांनी फार संयमाने रंगवली आहे. पण पहिल्या पर्वानंतर प्रेक्षकांमध्ये प्रश्न गाजला तो एकच: लोणावळ्याला ती आणि तिचा सहकारी यांच्यात काय घडले? नवरा आयुष्यभर खोटे बोलला तर ते कर्तव्य. बायकोची एक रात्र अस्पष्ट राहिली तर तो खटला. मालिकेने हा प्रश्न मुद्दाम लोंबकळत ठेवला आणि प्रेक्षकांना न्यायाधीश केले.

आता आपल्या मराठी पडद्याकडे वळू. 'द फॅमिली मॅन'नंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दिग्पाल लांजेकर यांचा 'फत्तेशिकस्त' प्रदर्शित झाला. लालमहालातल्या शायिस्तेखानावरच्या छाप्याची ही कथा. हरीश दुधाडे यांनी त्यात बहिर्जी नाईकांची भूमिका केली. शिवरायांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी हे आपल्या इतिहासातले सर्वांत मोठे हेर. १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेमागे त्यांची खबर होती. सभासद बखरीत त्यांचा उल्लेख येतो. सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. परंपरा त्यांना रामोशी समाजातले मानते. त्यांच्या घरसंसाराविषयी जुनी साधने जवळजवळ गप्प आहेत. म्हणजे पडद्यावरचा बहिर्जी हा श्रीकांतइतकाच कल्पनेने घडवावा लागतो.

मग ही कल्पना कोठवर धावते? वेष, चपळाई, निष्ठा, प्राण्यापक्ष्यांचे आवाज, इथपर्यंत. श्रीकांतला मिळाले तसे घर मराठी पडद्याने बहिर्जींना दिलेले नाही. हा माणूस महिनोन् महिने शत्रूच्या मुलखात असताना त्याच्या वस्तीवर कोण वाट पाहत होते? फकिराच्या वेषात तो स्वतःच्याच दारावरून गेला असेल, तर पोराने त्याला ओळखले असेल का? बायकोला काय ठाऊक होते? या प्रश्नांत एक अख्खी मालिका दडलेली आहे. ते कोणाला पडत नाहीत, कारण नाईक हा उपयोगाचा माणूस. आणि उपयोगाच्या माणसाला गुण असतात, घर नसते.

यावर आक्षेप येईल की मालिकेला दहा भाग मिळतात, चित्रपटाला अडीच तास. घर दाखवायला वेळ कोठला? पण २०२० च्या 'तान्हाजी' चित्रपटात तेवढ्याच वेळेत मालुसऱ्यांचे घर आहे, पत्नी आहे, रायबाच्या लग्नाची लगबग आहे; त्या घरामुळेच तान्हाजींचे मरण जिव्हारी लागते. ऑक्टोबर २०१९ च्या 'हिरकणी'त तर तान्ह्या बाळासाठी कडा उतरणाऱ्या गवळणीचे घर हाच चित्रपटाचा जीव आहे. तेव्हा अडचण वेळेची नाही. ज्याच्या घराची कल्पना करण्याची सवय आहे, त्याचेच घर पडद्यावर येते.

आणि ही सवय आपल्या गावगाड्याने लावली आहे. हेर म्हणजे तरी कोण? खबर आणणारा, माग काढणारा, रात्री जागणारा. गावोगावी हे काम कोण करीत होते? रामोशी राखण करी. महार वेशीवर वेसकर म्हणून उभा राही, चोराची पावले ओळखी, सरकारी खजिना पोचवी, मयताची बातमी घेऊन उन्हातान्हात परगावी धावे. गावाची खबर ज्याच्या पायांनी चालत होती, त्याचे घर वेशीच्या बाहेर होते. तो सगळ्यांच्या दारापर्यंत जाई. आत कोणाच्याच नाही. या वतनाचे जोखड उतरवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले; कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. रामोश्यांच्या वाट्याला आणखी वेगळे दुर्दैव आले. ज्यांच्यातून स्वराज्याचा हेरप्रमुख निघाला असे परंपरा सांगते, ज्यांच्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिले, तो समाज पुढे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत मोजला गेला. १८७१ पासूनच्या त्या कायद्यांनी हजेरी लावली, वस्त्यांना कुंपणे घातली, रात्री-अपरात्री झोपड्यांत शिरून माणसे मोजली. हे कायदे १९५२ साली गेले. रामोशी आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पाळत ठेवणाऱ्याचे वंशज पाळतीखाली आले, आणि त्यांच्या घरात आत जाणारी एकमेव सार्वजनिक नजर पोलिसाची उरली.

वेषांतराचा प्रश्नही येथेच उभा राहतो. परंपरेतला आणि पडद्यावरचा बहिर्जी कधी वासुदेव होतो, कधी गोसावी, कधी फकीर. प्रेक्षक टाळ्या देतात. पण हे वेष कोणाचे आहेत? ते कोणाचे तरी रोजचे कपडे आहेत, पोटाचा धंदा आहे, घरदार आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. भिक्षेकरी वेष हे सोंगच असणार, आत कोणी दुसराच असणार, हा संशय मोबाईलवरच्या अफवेने पेटवला. पण त्याचे सरण जुने होते. भटक्या माणसाला पडद्याने कायम वेष म्हणून दाखवले, घर असलेला माणूस म्हणून क्वचितच. त्या पाचांच्या घरी कोण वाट पाहत असेल, हा प्रश्न जमावाला पडला नाही. पडायला तशी चित्रे मनात असावी लागतात.

म्हणून घर दाखवणे ही सजावट नव्हे. वाशीम जिल्ह्यात आमच्या किन्हीराजाच्या आसपास बंजारा तांडे आहेत, बौद्धवाडे आहेत. तेथून महाविद्यालयात येणारी मुले, घरातली पहिलीच शिकणारी, श्रीकांतच्या घरातल्या कुरबुरी बारकाईने सांगू शकतात. स्वतःच्या घराची गोष्ट लिहा म्हटले की म्हणतात, त्यात काय आहे सर? हे वाक्य त्यांचे नाही. ते त्यांना पडद्याने शिकवले आहे.

याला उत्तर आहे, आणि ते आपल्याच साहित्याने दिले आहे. १९७८ च्या 'बलुतं'ने आणि १९८० च्या 'उपरा'ने मराठी वाचकाला त्या घरांच्या आत नेऊन बसवले, जेथे त्याची नजर तोवर गेली नव्हती. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'ने तेच पडद्यावर केले. गावाच्या कडेच्या कैकाडी कुटुंबाच्या घरात कॅमेरा बसला, त्यांच्याबरोबर जेवला, आणि जब्याच्या हातातला दगड कोणावर येतो आहे हे प्रेक्षकाला कळले.

आपली मागणी बहिर्जींना मुंबईतले घर आणि कर्जाचे हप्ते द्यावेत अशी नाही. श्रीकांत तिवारींचा संसार मोडावा अशीही नाही. तो सुखाने नांदो. मागणी एवढीच, की इतिहासाची साधने जेथे गप्प आहेत तेथे कल्पनेने केवळ सेवक उभे करू नयेत. त्या नाईकाला बायको असू द्या, आणि तिला नवऱ्यावर रागावण्याचा हक्क असू द्या. हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आज लिहिणाऱ्या, कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी वेशीबाहेरच्या त्या दारातून आत जावे. पहारेकरी म्हणून पुष्कळ लोक तेथे जाऊन आले आहेत.