व्यवसायशिक्षणातील ‘परिचय’

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील व्यवसायशिक्षणाच्या प्रकरणात एक शब्द खटकतो : ‘परिचय’. २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा, असे उद्दिष्ट तेथे होते. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुताराच्या वा कुंभाराच्या हाताखाली काढणे, हाही परिचयच. त्याच प्रकरणात तुलनेसाठी जर्मनीचा ७५ टक्क्यांचा आकडा आहे. तेथील उमेदवार मात्र दोन ते साडेतीन वर्षे कारखाना व व्यवसायशाळा यांत घालवितो. ही तुलना टिकणारी नव्हे.

१९३७ च्या वर्धा योजनेने हस्तोद्योगास रोज ३ तास २० मिनिटे दिली होती. ती योजना चरख्यात अडकली, हा आक्षेप रास्तच. परंतु सूत मोजता मोजता अंकगणित शिकवावे, ही तिची दृष्टी यंत्र बदलल्याने शिळी होत नाही. नव्या धोरणात संगणकाची आज्ञावली एका परिच्छेदात, सुतारकाम व धातुकाम लगतच्या दुसऱ्यात. संगणकनियंत्रित लेथवर हत्याराची धार गेल्याचे ओळखणारा आणि आज्ञावली दुरुस्त करणारा कामगार पुष्कळदा एकच असतो. या दोन परिच्छेदांत त्यांची गाठ पडत नाही.