पाद्री मोंतेरो यांचा खटला : १९६९ च्या निकालाचं फेरवाचन

पोर्तुगीज राजवटीने गोव्यातून समुद्रापार धाडलेल्या माणसांची यादी आपल्याकडे बऱ्याच जणांना पाठ आहे. १७८७ च्या पिंटोंच्या कटात सापडलेल्या पाद्र्यांना लिस्बनला नेऊन डांबलं. १९४६ च्या चळवळीनंतर त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे यांना पोर्तुगालला पाठवलं. सांगलीहून मराठीचे शिक्षक म्हणून आलेले मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात होते, ते जानेवारी १९६९ मध्ये सुटले.

रानडे सुटले त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ मार्च १९६९ रोजी, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका गोवेकराच्या हद्दपारीबाबत निकाल दिला. हा माणूस कॅथलिक पाद्री होता. मोन्सेन्योर सेबास्तियांव फ्रांसिस्को शाविएर दुश रेमेदियुश मोंतेरो हे त्यांचं पूर्ण नाव, लोकांत ते पाद्री शिको मोंतेरो. त्यांना देश सोडून जायचा हुकूम दिला होता तो मात्र आपल्या सरकारने. म्हणूनच की काय, हा खटला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत भेटतो आणि आपल्या मुक्तिलढ्याच्या लेखनात क्वचितच. या लेखात त्या निकालाचंच वाचन करायचं आहे : काय ठरवलं, काय बरोबर ठरवलं, आणि कोणता प्रश्न कोर्टासमोर नीट आलाच नाही.

आधी घटनाक्रम. तारखा इथे महत्त्वाच्या आहेत, म्हणून ओळीने देतो. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज फौजेने शरणागती पत्करली. मार्च १९६२ मध्ये संसदेने बारावी घटनादुरुस्ती करून गोवा, दमण आणि दीव हा भारताचा केंद्रशासित प्रदेश असल्याचं नोंदवलं, तेही २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे मागच्या तारखेने. २८ मार्च १९६२ ला नागरिकत्वाचा आदेश निघाला. त्यानुसार २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कुणी इथे जन्मले, तो आपोआप भारताचा नागरिक झाला. ज्याला आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याच्या आत तसं लेखी कळवायचं. मोंतेरोंनी २७ एप्रिल १९६२ ला लेखी कळवलं की मी पोर्तुगीजच राहणार. मुदत अगदी संपत आली होती.

मग जे व्हायचं ते झालं. त्यांची नोंद परदेशी म्हणून झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहायचा परवाना मिळाला. मुदत संपली तेव्हा त्यांनी ती वाढवून मागितली नाही. देश सोडायचा हुकूम आला, तोही पाळला नाही. परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली खटला भरला गेला, आणि तीस दिवसांची साधी कैद नि पन्नास रुपये दंड अशी शिक्षा झाली. सत्र न्यायालयात अपील फेटाळलं गेलं. ज्युडिशियल कमिशनर कोर्टातही तेच झालं, पण घटनात्मक महत्त्व लक्षात घेऊन त्या कोर्टाने सर्वोच्च न्यायालयात जायचा दाखला दिला.

शिक्षा बघितली तर किरकोळ. पण मुदतवाढीचा अर्ज न करणं हा विसराळूपणा नव्हता, तो निषेध होता. अर्ज केला म्हणजे मी इथे पाहुणा आहे हे मान्य केलं, असा त्याचा अर्थ झाला असता. पोर्तुगालची सत्ता संपली आहे हेच या माणसाला मान्य नव्हतं.

मोंतेरोंच्या बाजूने मुख्य आधार घेतला गेला तो १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचा. युद्धात एखादा मुलूख ताब्यात घेतला तर तिथल्या नागरिकांना संरक्षण कसं द्यायचं, हे तो करार सांगतो. ४९ वं कलम म्हणतं, ताब्यातल्या मुलखातून संरक्षित व्यक्तीला बळाने बाहेर काढता येणार नाही, कारण काहीही असो. ४७ वं कलम म्हणतं, ताबा घेणाऱ्याने तो मुलूख स्वतःत सामील करून घेतला तरी हे संरक्षण जात नाही. भारताने १९६० मध्ये या करारांसाठी स्वतंत्र कायदाही केला होता. आता बघा, करारानुसार संरक्षित व्यक्ती म्हणजे ताबा घेणाऱ्या देशाचा नागरिक नसलेली व्यक्ती. म्हणजे ज्या निवेदनामुळे मोंतेरो परदेशी ठरले, त्याच निवेदनाच्या जोरावर ते संरक्षण मागत होते.

सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग असा की जिनिव्हा करारांची जबाबदारी सरकारांची एकमेकांशी आहे, १९६० चा कायदा व्यक्तीला स्वतंत्र दाद मागायचा हक्क देत नाही. दुसरा भाग असा की लष्करी ताबा आणि सामिलीकरण या दोन वेगळ्या अवस्था आहेत. लढाई चालू असताना, निकाल लागायच्या आधी कुणी मुलूख आपला म्हणून जाहीर केला तर ते अकाली सामिलीकरण, त्याने नागरिकांचं संरक्षण संपत नाही. पण प्रतिकार पूर्ण संपला आणि मुलूख कायमचा जिंकला गेला, की ताबा ही अवस्थाच संपते, आणि तिच्याबरोबर करारातलं संरक्षणही. गोव्यात प्रतिकार नावापुरताच होता, ताबा आणि सामिलीकरण यांच्यामध्ये खरी पोकळी नव्हती, तेव्हा संरक्षण लागू नाही. अपील फेटाळलं गेलं.

यातला दुसरा भाग मला पटतो. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर दुसऱ्या महायुद्धातले प्रसंग होते, युद्ध चालू असतानाच शेजारचा मुलूख आपल्या नकाशात ओढून घेण्याचे. १९६५ च्या गोव्याची स्थिती तशी नव्हती. तारखांबद्दल शंका घेता येते, नाही असं नाही. घटनादुरुस्ती मार्चमधली आणि लागू डिसेंबरपासून, शिवाय मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर म्हणून जून १९६२ पर्यंत होतेच. पोकळी नव्हती हे म्हणणं बरंचसं मागच्या तारखेवर टेकलेलं आहे. पण ताबा जून १९६२ पर्यंत होता असं धरून हिशेब मांडला तरी हुकूम त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने निघाला. उत्तर बदलत नाही.

पहिला भाग मात्र खटकतो. संसदेने करारासाठी कायदा करायचा, आणि ज्याच्यासाठी करार आहे त्या माणसाला त्या कायद्याने कोर्टात काहीच मागता येऊ नये, हे म्हणजे नळ बसवून पाणी न सोडण्यासारखं झालं. कोर्टाने तरीही मुद्दा ऐकून घेतला आणि सविस्तर उत्तर दिलं, हे त्याचं मोठेपण. पण दाद मागायचा हक्क नाही हे वाक्य मागे उरलं, आणि ते पुढच्या कुठल्याही माणसाच्या आड येऊ शकतं.

आता जो प्रश्न समोर आलाच नाही त्याकडे वळू. वकिलांनी जिनिव्हा कराराचा रस्ता धरला, आणि त्यामुळे सगळी चर्चा मुलखाबद्दल झाली : तो कधी ताब्यात आला, कधी सामील झाला. माणसाबद्दलचा प्रश्न वेगळा होता. सरकारने स्वतःच दिलेल्या दोन पर्यायांपैकी एक निवडल्याबद्दल, इथल्याच माणसाचं इथे राहणं संपावं का? १९६२ च्या आदेशात दोनच रकाने होते, नागरिक किंवा परदेशी. नागरिकत्व एका देशाचं आणि घर दुसऱ्या देशात, याला तिसरा रकाना नव्हता.

असा रकाना करता येत नव्हता का? येत होता, आणि आपणच तो केला होता. पुदुच्चेरीबाबत फ्रान्सशी १९५६ मध्ये करार झाला, तो १६ ऑगस्ट १९६२ ला अंमलात आला. तिथल्या लोकांनाही सहा महिन्यांत फ्रेंच नागरिकत्व ठेवायची मुभा होती. ज्यांनी ते ठेवलं त्यांची कुटुंबं आजही पुदुच्चेरीत राहतात आणि फ्रान्सच्या निवडणुकीत मतदान करतात. त्याच वर्षी, त्याच सरकारने, दोन किनाऱ्यांवर एकच पर्याय दिला आणि त्याचे परिणाम इतके वेगळे झाले. फरक एवढाच की फ्रान्सने तह केला आणि सालाझारने नाही. पोर्तुगालशी तह व्हायला ३१ डिसेंबर १९७४ उजाडावं लागलं. दोन सरकारांमधला तंटा मिटला नाही याची किंमत मधल्या माणसाने दिली.

मानवी हक्कांची भाषा तेव्हा नव्हती असंही नाही. १९४८ च्या जाहीरनाम्याचं नववं कलम मनमानी हद्दपारीला मनाई करतं, आणि तो मसुदा करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता, ज्यांना बडोद्याचे वाचक तिथल्या विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून ओळखतात. १९६६ च्या नागरी हक्कांच्या करारात, ज्यात भारत १९७९ मध्ये सामील झाला, स्वतःच्या देशात प्रवेश करायचा हक्क मनमानीने हिरावता येणार नाही असं कलम आहे. त्या करारावरच्या समितीने १९९९ मध्ये स्पष्ट केलं की ‘स्वतःचा देश’ याचा अर्थ नागरिकत्वापेक्षा व्यापक आहे. ज्यांचा देश दुसऱ्या देशात विलीन झाला आणि ज्यांना नव्या देशाचं नागरिकत्व नाकारलं गेलं, असे लोकही त्यात येऊ शकतात. मोंतेरोंना नागरिकत्व नाकारलं नव्हतं, त्यांनीच ते नाकारलं, त्यामुळे हे स्पष्टीकरण त्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही. पण प्रश्न कुठल्या भाषेत विचारायला हवा होता, ते त्यातून कळतं.

यावर आपल्याकडून आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मोंतेरो ज्या राजवटीच्या बाजूने उभे होते तिने आपल्या माणसांना काय वागवलं? गोवा गेल्यावर पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं, त्यांच्या मालमत्ता घेतल्या, त्यांना देशाबाहेर काढलं. रानडे तर तुरुंगातच होते. अशा राजवटीचा कैवार घेणाऱ्यासाठी आपण का हळहळावं? माझं म्हणणं, हळहळायची गरज नाही. सालाझारशाहीबद्दलचं त्यांचं मत मला मुळीच मान्य नाही. पण मताबद्दल माणसाला त्याच्या गावातून काढू नये, हे तत्त्व आपण कुन्हा आणि काकोडकरांच्या बाबतीत लावतो. ते फक्त आपल्या बाजूच्या माणसांपुरतं ठेवलं तर मग ते तत्त्व राहत नाही. दोन राजवटींत फरक आहेच. मोंतेरोंना उघड कोर्टात खटला मिळाला, तीन पायऱ्यांचं अपील मिळालं, देशाच्या सरन्यायाधीशांनी त्यांच्या मुद्द्यांना सविस्तर उत्तर दिलं. कुन्हांच्या वाट्याला लष्करी न्यायासन आलं होतं. हा फरक अभिमानाने सांगावा, आणि त्याच्याच शेजारी हद्दपारीचा हुकूमही मांडावा.

निकालानंतरची गोष्टही बोलकी आहे. ‘रेसुर्ज गोवा’चे संपादक, कवी तेलो मास्कारेन्हस १९७० मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले, ते पाद्री मोंतेरोंच्या बदल्यात असं सांगितलं जातं. दोघेही गोवेकर, दोघेही कॅथलिक, एक भारताच्या बाजूचा आणि एक पोर्तुगालच्या.

आणि तिसऱ्या रकान्याचं म्हणाल, तर तो नंतर आपल्याच कायद्यात आला. नागरिकत्वाच्या कायद्यात ‘ओसीआय’ची जी तरतूद आहे, तिच्यात १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले लोक, असा वेगळा उल्लेखच आहे. आज पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले कितीतरी गोवेकर ते कार्ड काढून आपल्या घरी येतात, राहतात, घराची डागडुजी करतात, त्यात कुणाला देशद्रोह दिसत नाही. मोंतेरोंच्या वेळी अशी सोय असती तर खटला उभाच राहिला नसता.

म्हणून एक सूचना. आपल्या मंडळाच्या मुक्तिलढ्याच्या कालपटात २५ जानेवारी १९६९, रानडे सुटले, अशी नोंद आहे. तिच्याखाली २६ मार्च १९६९, मोंतेरो निकाल, अशी नोंद घालावी. दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरावा : हद्दपारी.